पडलेलं मनगट

१

कुरवंड्याच्या जाखमातेची पेटी सताड उघडी होती आणि आतला चांदीचा मुखवटा गायब झाला होता.

सोपान गुरव पहाटे देऊळ झाडायला गेला आणि झाडू तिथंच टाकून बोंबलत पाटलांच्या दारात आला. जत्रा परवावर आलेली. कोंडाजी पाटील तोंडात राखुंडी तशीच ठेवून धावले. बावीस वर्षं त्यांनी गावची पाटीलकी केली होती. कोंबडी जरी हरवली तरी त्यांना आधी वास यायचा. आणि आता साक्षात देवीच हरवली!

देवळात खांबाला टेकून भिमाजी बसला होता. भिमाजी म्हणजे पाटलांचा सख्खा मेहुणा, नंदाबाईंचा धाकटा भाऊ, जत्रेचा पंच. पेटीच्या राखणीला रात्री तोच झोपला होता. अंगरखा विस्कटलेला, तोंडात कोंबलेलं फडकं नुकतंच काढलेलं, शेजारी घायपाताचा दोर पडलेला.

"मुसक्या बांधल्या व्हत्या बगा," सोपान म्हणाला. "दोन्ही दंड मागं खेचून. म्या दोराला हात लावला आन् एका हिसक्यात सुटलाच की वो!"

"दाजी," भिमाजी कण्हला आणि त्यानं उजवा हात पुढं केला.

हात कोपरापासून सरळ होता, पण मनगटातून पंजा खाली लोंबत होता, मान टाकलेल्या कोंबडीसारखा. असा हात पाटलांनी आधी पाहिला होता. चार वर्षांमागं घाटाखालचा एक शेळीचोर त्यांनी स्वतःच्या हातानं मुसक्या आवळून चावडीत रात्रभर ठेवला होता, तर सकाळी त्याचा हात अस्साच पडला होता. तीन महिने तसाच लोंबत राहिला. सगळं गाव बघायला लोटलं होतं. तेव्हापासून कुरवंड्यात अशा हाताला 'मुसक्यांचा हात' म्हणतात.

"कोन व्हता?" पाटलांनी विचारलं.

"अंधार व्हता, पर आवाज वळखला. येसू ठाकर. कंबरंची किल्ली काढून घेतली." भिमाजीनं सुस्कारा सोडला. "आन् परवा त्याच्याच हातात देवी द्यायची व्हती आपन."

हे खरं होतं. देवी पहिल्यांदा सापडली ती ठाकरवाडीच्या माणसाला, असं कुरवंड्यात म्हणत. म्हणून जत्रेच्या दिवशी मुखवट्यामागची पितळी मूठ उजव्या हातात धरून, हात उंच करून देवीला गावातून फिरवायचा मान ठाकरांचा. गेली सहा वर्षं तो येसूकडं होता.

पाटलांनी गाव गोळा करायला नगारा वाजवायला सांगितलं. हौशीरामानं टिपरू उचललं आणि घातलं. एरवी कुरवंड्याचा नगारा घुमला की नागफणीच्या कड्यावरून आवाज परत यायचा. आज नुसतंच 'धप्प' झालं.

"बसलाय," हौशीराम म्हणाला. "काल सांजच्याला खणखणीत व्हता."

"ओल धरली असंल," पाटील वैतागले. "बडव आजून!"

चैत्रातलं ऊन डोंगरावर चढत होतं आणि अंगणातली माती पायाला पोळायला लागली होती. पण ओलीचा विचार करायला पाटलांना सवड कुठं होती?

२

दुपारच्या आत येसू सापडला. सापडला म्हणजे काय, तो कुठं गेलाच नव्हता. ठाकरवाडीत घरापुढं बसून घायपाताचा दोर वळत होता. तोच दोर, तोच पीळ. पाटलांनी दोन्ही दोर शेजारी धरून सगळ्यांना दाखवले. आणखी काय पुरावा पाहिजे?

"आबा, म्या न्हाई गेलो देवळात," येसू एवढंच म्हणाला. तो बोलका गडी नव्हता.

"मुखवटा कुटंय?"

"मला काय ठावं?"

त्याची आई बयाबाई मध्ये पडली. "रातभर घरात व्हता वो. माज्या पायाला तेल चोळत व्हता."

आईची साक्ष कोण धरतो! पाटलांनी येसूचे दंड मागं खेचले आणि दोर आवळला. त्यांना आपल्या गाठीचा भारी अभिमान होता. ब्रह्मदेव उतरला तरी ही गाठ सुटायची नाही, असं ते चारचौघांत सांगत. येसूला चावडीत टाकलं आणि लोणावळ्याला निरोप धाडला. उलटा निरोप आला, फौजदारसाहेब उद्या दुपारच्या गाडीनं पुण्याहून येतात, आरोपी तयार ठेवा.

घरी नंदाबाईंच्या डोळ्याला धार लागली होती. "अवो, चोर धरलात, ब्येस झालं. पर माज्या भावाच्या हाताचं काय? लोनावळ्याच्या ड्रेसरला बोलवा. लढाईत त्येनं लय हात बगितल्यात म्हनं."

पाटलांनी माणूस पाठवला. बायकोचं ऐकण्याचे प्रसंग त्यांच्या आयुष्यात मोजकेच आले होते, आणि हा त्यातला सगळ्यात महागात पडणारा होता.

३

अंबाजी केदारी दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर झाला. काटकुळा माणूस, डोक्यावर खाकी टोपी, काखेत पत्र्याची पेटी आणि चालणं असं की मागं आग लागलीय. जर्मनच्या लढाईत चार वर्षं इराकात, बसऱ्याच्या इस्पितळात त्यानं जखमा बांधल्या होत्या. परत येऊन तीन वर्षं झाली, तो लोणावळ्याच्या बाजारात दवाखाना सांभाळत होता. कुणी डॉक्टर म्हटलं की लगेच हात जोडायचा. "डॉक्टर न्हाई, ड्रेसर. डॉक्टरची चूक मढ्यासंगं जाती, ड्रेसरची उघड्यावर ऱ्हाती."

ओसरीवर भिमाजी हात मांडीवर टाकून बसला होता. तो पडलेला पंजा बघितला मात्र, अंबाजीचे डोळे चमकले. खाऊ दिसलेल्या पोरासारखा तो पुढं सरकला.

"वा! काय हात हाय!"

"वा काय म्हन्तोस?" नंदाबाई चिडल्या.

"माफ करा वैनी. पर असा हात लढाईनंतर बगितला न्हवता." त्यानं भिमाजीची बाही वर सारली. दंडावर पुसट तांबूस रेघ होती, घट्ट बाहीचा वळ उठावा एवढीच. "कवा बांधलं?"

"रातच्या पयल्या प्रहरी. सकाळपतुर तसाच व्हतो."

"हं." मग त्यानं तळहात उलटा केला. चारी बोटांच्या आतल्या बाजूला आडव्या लाल रेघा होत्या, एका ठिकाणी कातडी सोललेली. "हे?"

"सुटायला धडपडलो आसंल. ध्यानात न्हाई."

अंबाजीनं पेटीतून कोंबड्याचं पीस काढलं. "डोळं मिटा. पीस लागलं की सांगा." त्यानं पीस तळहातावर फिरवलं, करंगळीवर फिरवलं, मनगटाच्या वर नेलं. मनगटाच्या वर भिमाजी 'व्हय' म्हणाला. मनगटाखाली गप्प.

"मनगटापास्नं म्होरं समदा पंजा मेलाय?"

"समदा. लाकूड झालंय."

"करंगळी पन?"

"करंगळी पन."

अंबाजीनं पीस टोपीत खोवलं आणि एकदम उठला. "मला चोर बगायचाय."

"चोराला काय रोग झालाय?" पाटलांनी विचारलं. "फौजदार यायला तीन तास ऱ्हायलेत."

"मंग वेळ हाय की!" म्हणत अंबाजी चावडीच्या वाटेला लागलासुद्धा. पाटलांना धोतर सावरत मागं पळावं लागलं.

४

चावडीत येसू भिंतीला टेकून बसला होता. चेहरा राखेसारखा झाला होता. दाराशी बयाबाई पाण्याचं गाडगं घेऊन बसलेली. लेक पाणी पीत नव्हता.

अंबाजी गाठीशी झोंबू लागला. नखं लावली, दात लावले, शेवटी चाकू काढून दोर कापला. पाटलांना आतून बरं वाटलं. गाठ ती गाठ.

दोर पडला तसे येसूचे दंड उघडे झाले आणि पाटलांचं बरं वाटणं तिथंच थांबलं. दंडावर करंगळी बसेल एवढ्या खोल निळ्या खाचा पडल्या होत्या.

"हात म्होरं कर," अंबाजी हळू म्हणाला.

येसूनं डावा हात पुढं केला, बोटं हलवली. मग उजवा केला. पंजा मनगटातून खाली पडला आणि लोंबत राहिला.

बयाबाईनं तोंडावर पदर घेतला.

"सोंग हाय!" पाटील ओरडले. "भिमाजीचा हात गावभर झालाय. ह्यो त्येची नक्कल करतोय!"

"आसंल, आसंल," अंबाजी म्हणाला. "दोघातला एक नक्कल करतोय खरं. कोन, त्येच बगू." त्यानं टोपीतलं पीस काढलं. "येसू, डोळं मीट."

पीस करंगळीवर आलं. "व्हय," येसू म्हणाला. तळहातावर आलं. "व्हय." बोटांच्या टोकांवर, "व्हय, व्हय." हाताच्या पाठीवर, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात पीस आलं तेव्हा मात्र तो गप्प राहिला. अंबाजीनं पुन्हा फिरवलं. पुन्हा गप्प.

"हितं एवड्या जागंत कळंना," येसू म्हणाला. "रुपयाएवड्या. बाकी समदं कळतंय."

पाटील हसले. त्यांना राहवेना. "बग! सोंगपन नीट जमंना. हात मेलाय म्हन्तोय आन् समदं कळतंय म्हन्तोय! भिमाजीचा खरा मेलाय, त्येला कायबी कळत न्हाई."

"पाटील," अंबाजी म्हणाला आणि त्याचा आवाज इतका चढला की बाहेरची माणसं आत डोकावली, "तुमी आत्ता जे बोललात ना, त्येच मी फौजदाराला सांगनार हाय. पर उलटं!"

त्यानं स्वतःची दोन बोटं येसूच्या पडलेल्या हातात दिली. "आवळ. जीव खाऊन आवळ."

येसूनं मूठ वळली. बोटं वळली खरी, पण ताकद नव्हती. आणि मूठ वळताना मनगट आणखीनच खाली गेलं.

अंबाजीनं ते बघितलं आणि मान डोलावली. पाटलांनीही बघितलं, पण त्यांना त्यात काहीच दिसलं नाही.

५

"आता दोन माणसं बोलवा," अंबाजी म्हणाला. "दोर सोडनारा आन् नगारा बडवनारा."

सोपान आला. पेटीची दुसरी किल्ली त्याच्याकडं असायची, त्यामुळं गावात त्याच्यावरही कुजबुज होतीच. तो घामानं निथळत होता.

"किल्ली माज्या जानव्याला हाय, ही बगा. रातभर घरला व्हतो."

"किल्लीचं ऱ्हाऊ दे. दोर कसा सुटला?"

"सांगितलं की. एका हिसक्यात. सरकफास व्हता. बैलाला घालतो तसा."

"आन् ही पाटलांची गाठ मला चाकूनं कापावी लागली," अंबाजी पाटलांकडं न बघता म्हणाला. "हौशीराम, तुजं काय?"

हौशीराम नगारेवाला म्हणजे गावातला सगळ्यात तक्रारखोर माणूस. "माजा नगारा मेलाय. त्येचं कुनाला काय पडलंय! देवी जायच्या आदल्या सांजला वाजत व्हता, सकाळी बसला. पाटील म्हन्त्यात ओल. चैत्रात कुटली ओल आली?"

"चैत्रात ओल!" अंबाजीनं स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "ह्ये मला आधी का न्हाई सांगितलं कुनी?"

"तुमी हात बगायला आलाय का नगारा?" पाटील भडकले. त्यांना वाटायला लागलं होतं की लढाईत ह्या माणसाच्या डोक्यालाही काहीतरी लागलं असावं. वर सूर्य सरकत होता. फौजदाराची गाडी एव्हाना तळेगाव सोडून पुढं आली असेल. आणि हा येडा पीस घेऊन नाचतोय!

पण त्या निळ्या खाचा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. एक विचार आत टोचू लागला होता आणि पाटील तो पुन्हा पुन्हा झटकत होते. येसू खोटा असला तर प्रश्न नाही. पण खरा असला तर? मग निर्दोष माणूस तुरुंगात जाणार, आणि पाठवणारे आपण.

"गाव देवळाफुडं बोलवा," अंबाजी म्हणाला. "आन् भिमाजीरावांना बी आना. त्येंच्या हाताचा विलाज सांगतो."

६

गाव देवळापुढच्या पारावर जमलं. भिमाजी पुढं बसला, येसूला अंबाजीनं मुद्दाम मागं, बायकांच्या आड बसवलं.

"मंडळी," अंबाजी सुरू झाला, "खंडाळ्याच्या घाटात रुळाशेजारनं तारंचं खांब हैत का न्हाई? एका खांबावर किती तारा असत्यात! एक तळेगावला जाती, एक पुन्याला. तळेगावची तार तुटली तर पुन्याचं बोलनं बंद पडतं व्हय?"

"न्हाई," कुणीतरी म्हणालं.

"तसंच आपल्या अंगात. डोस्कं हे मोठं हापीस. पाठीच्या कण्यातनं तारांचा जुडगा खाली उतरतो आन् एकेक तार आपापल्या गावाला जाती. त्येला मज्जातंतू म्हन्त्यात. शीर न्हवं, शिरंत रगत असतं. ह्येच्यात निरोप असतो. हात हालीव, हा निरोप खाली. काटा टोचला, हा निरोप वर." त्यानं स्वतःचा दंड उघडा केला आणि बोटानं मागून पुढं वळसा काढला. "हाताला तीन मोठ्या तारा. त्यातली एक हितनं दंडाच्या हाडाला मागनं वेढा घालून जाती. हाडाला चिकटून. मुसक्या आवळल्या की दोराखाली हीच चेंगरती. हिचं काम मनगट वर उचलायचं. म्हनून मनगट पडतं."

"म्हंजी माजं," भिमाजी म्हणाला.

"तुमचंच. आता घाबरू नका. मूठ वळायच्या तारा येगळ्या, त्या दंडाच्या आतल्या अंगानं जात्यात, दोराला लागत न्हाईत. त्यामुळं खऱ्या मुसक्यांच्या हाताची मूठ वळतीच. तुमची वळती का बगू. वळली तर हात बरा व्हनार, ही माजी खात्री."

भिमाजीच्या चेहऱ्यावर हुशारी आली. पाटील त्याच्या शेजारी होते, त्यांना ती स्पष्ट दिसली. अंबाजीनं दोन बोटं त्याच्या लोंबत्या हातात दिली.

"आवळा. आजून. एवड्यानं काय व्हतंय? माजी बोटं मोडा!"

भिमाजीनं दात आवळून मूठ वळली. अंबाजीच्या बोटांची पेरं पांढरी पडली.

"पाटील," अंबाजी वेदनेनं हसत म्हणाला, "मनगट बगा."

पाटलांनी बघितलं. भिमाजीचं मनगट लोंबत नव्हतं. मूठ आवळली तसं ते आपोआप वर चढून ताठ झालं होतं.

भिमाजीच्या ध्यानात आलं आणि त्यानं हात झटक्यात पाडला. पण आता फार उशीर झाला होता.

"समद्यांनी मुठी आवळा!" अंबाजी ओरडला. "घट्ट! मनगट कुटं जातंय?"

पारावर शे-दीडशे मुठी वळल्या. म्हातारेकोतारे, बाया, कडेवरची पोरंसुद्धा. शे-दीडशे मनगटं वर उचलली गेली. माणसं आपल्याच हाताकडं आ वासून बघत राहिली. जन्मभर मूठ वळली होती, पण हे कुणाच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"मूठ वळायचा हुकूम सुटला की डोस्कं मनगट उचलायचा हुकूम बी आपोआप सोडतं. तुमी सांगा न सांगा. सोंग आननाऱ्याला हात लोंबता ठेवता येतो, पर मूठ आवळताना मनगट चढतं, ह्ये त्येला कुनी शिकीवलेलं नसतं. आता खरा हात बगा." त्यानं येसूला पुढं आणलं. "आवळ."

येसूची बोटं वळली आणि मनगट खाली, आणखी खाली गेलं.

लोकांत एकदम गलका झाला. अंबाजीनं हात वर केला.

"आजून एक. पंजावरनं तीन तारा निरोप कळीवत्यात. हाडाला वेढा घालनारी चेंगरली तर फकस्त अंगठ्यामागची रुपयाएवडी जागा बधिर व्हती. येसूनं तीच दावली. कुनी शिकीवलं त्येला? भिमाजीराव म्हनले समदा पंजा लाकूड. मनगट कुटं संपतं ते तारांना ठावं नसतं. ते मानसाच्या डोस्क्यात असतं."

"मला काय करायची चोरी!" भिमाजी उभा राहिला. "दोर येसूचा व्हता!"

"कुरवंड्यात कुनाच्या आडावर येसूचा दोर न्हाई?" अंबाजीनं विचारलं. "आन् सरकफास तर मानसाला सवताच घालून घेता येतो." त्यानं भिमाजीचा तळवा वर केला. "आन् तुमच्या बोटांवर वळ कशाचं? दंड मागं बांधल्यावर बोटांत दोर येतच न्हाई. ते वळ कातड्याच्या वादीचं हैत. दोन हातांनी, जीव खाऊन वाद्या ओढल्या की असं वळ उठत्यात. हौशीराम, तुजी बोटं दाव."

हौशीरामानं हात पुढं केला. त्याच्या चारी बोटांवर तेच वळ होते, जुने, निबर झालेले. त्यानं एकदा स्वतःच्या बोटांकडं बघितलं, एकदा भिमाजीकडं, आणि दुसऱ्या क्षणी तो देवळात पळाला. नगारा उचलून आणून त्यानं एका बाजूच्या वाद्या सैल केल्या, कातड्याखाली हात घातला आणि मोठ्यानं ओरडला. उपरण्यात गुंडाळलेला जाखमातेचा मुखवटा उन्हात लखलखला.

बाया हात जोडून रडायला लागल्या. हौशीराम नगाऱ्याला मिठी मारून बसला.

पाटलांनी मेहुण्याचा खांदा धरला. "का रं?"

भिमाजी खाली बघत म्हणाला, "मी पंच. जत्रंसाठी मी राबायचं. आन् देवी मिरवायची ठाकरानं. मान मागितला तर पंचांत माज्यावर हसले समदे. देवी कुटं न्यायची न्हवतीच मला. येसूला नेलं असतं, मंग सपनात देवी आली म्हनून मीच काढून दिली असती. मान आपसूक माज्याकडं आला असता."

नंदाबाई खालच्या पायरीवर मटकन बसल्या. "म्याच बोलीवला की वो ड्रेसरला," त्या म्हणाल्या.

पाटलांनी सवयीनं दोर उचलला, भिमाजीचा दंड धरला. तेवढ्यात त्यांची नजर येसूच्या हातावर गेली. भिमाजीचा हात खोटा होता, शेळीचोराच्या हाताचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं, पण हा हात खरा होता. हा कुठल्या चोरानं पाडला नव्हता. ही गाठ त्यांची होती.

त्यांनी दोर खाली टाकला. फौजदार आले तेव्हा भिमाजी मोकळ्या हातांनी चावडीच्या पायरीवर बसला होता आणि पाटील त्याच्या शेजारी उभे होते. "साहेब, चोर ह्यो हाय, माजा मेहुना. आन् निरपराध मानसाचा हात पाडनारा मी हाय. दोन्ही लिवा," ते म्हणाले.

फौजदारांनी पहिलं लिहून घेतलं. दुसऱ्याला कायद्यात कलम सापडलं नाही.

७

"बरा व्हनार का?" त्या संध्याकाळी पाटलांनी दहाव्यांदा विचारलं.

"तार तुटलेली न्हाई, चेंगरलीय," अंबाजी पेटी बांधत म्हणाला. "बसऱ्यात असे हात म्या परत उठल्याले बगितल्यात. दोन महिनं लागतील, कदाचित तीन. तवर मनगटाला बांबूची पट्टी करून देतो."

"पर जत्रा उद्या हाय!"

अंबाजीनं टोपी घातली. जाताजाता येसूचा हात धरून त्यानं पाटलांना काहीतरी करून दाखवलं. पाटील बघतच राहिले.

जत्रेच्या दिवशी सोपाननं मुखवटा पुसून पुढं केला. येसू मागं सरला.

"मला न्हाई जमायचं. माजी मूठ ऱ्हाती न्हाई. सुटली तर देवी पडंल. यंदा दुसऱ्या कुनाला द्या."

"डाव्या हातानं धर," कुणी म्हणालं.

"डाव्या हातात देवी देत न्हाईत," सोपान पुटपुटला.

बयाबाई गर्दीत उभी होती. ती लेकाच्या हाताकडं बघत राहिली.

कोंडाजी पाटील पुढं झाले. पायातल्या वहाणा काढल्या. येसूच्या लोंबत्या पंजाखाली त्यांनी आपला रुंद तळवा घातला आणि मनगट वर उचलून धरलं, ड्रेसरनं दाखवलं होतं अगदी तसं.

"आता आवळ," ते म्हणाले.

येसूनं मूठ वळली. मनगटाला टेकू मिळाला तसा बोटांत जोर आला. पितळी मूठ त्याच्या हातात गच्च बसली. त्यानं चकित होऊन पाटलांकडं बघितलं.

"बोटांच्या तारा शाबूत हैत," पाटील म्हणाले. "मनगट माजं घे."

हौशीरामानं टिपरू घातलं आणि नगारा घुमला. नागफणीवरून आवाज परत आला. दोन हात एकाखाली एक उंच गेले, वर देवी चमकली आणि गाव चालू लागलं. वेशीपर्यंत बरीच वाट होती. ऊन तापलं होतं आणि पाटलांचं वय पन्नाशीच्या पुढं गेलेलं.

"आबा," येसू हळूच म्हणाला, "दंड दुकंल तुमचा."

"दुकू दे," पाटील म्हणाले, आणि त्यांनी हात आणखी थोडा वर घेतला.